आयसीयूतील परिचारिका आणि वाईट बातमी : प्रशिक्षण कसे असावे

अतिदक्षता विभागात वाईट बातमी सहसा टप्प्याटप्प्याने पोहोचते. आधी 'व्हेंटिलेटर लावावा लागला', मग 'लघवी कमी झाली आहे, डायलिसिस लागेल', मग 'औषध वाढवूनही बीपी टिकत नाही'. रोगनिदान आणि उपचारांची दिशा डॉक्टर सांगतात. पण राउंड पुढे सरकला की नातेवाईक वळतात ते सिस्टरकडे, कारण बारा-बारा तास रुग्णाच्या उशाशी तीच असते. डॉक्टर नेमके काय म्हणाले, आता पुढे काय, घरून कोणाला बोलावून घ्यावे, हे प्रश्न तिलाच विचारले जातात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सक्शन, इन्फ्युजन पंप, आर्टेरियल लाइन हे सगळे हाताला धरून शिकवले जाते. हे बोलणे मात्र बहुतेकींना नोकरीत पडूनच शिकावे लागते. तेही सरावाने येणारे कौशल्य आहे आणि त्याचे प्रशिक्षण तशाच पद्धतीने, करून बघत, व्हायला हवे.

परिचारिकेचा वाटा आधी ठरवावा

प्रशिक्षणाची सुरुवात भूमिकेच्या हद्दीपासून होते. नवे निदान, वाचण्याची शक्यता, मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय, उपचार मर्यादित ठेवण्याचा विषय आणि मृत्यूची घोषणा या गोष्टी डॉक्टरांनी सांगायच्या. परिचारिकेच्या वाट्याला चार कामे येतात. बैठकीआधी घरच्यांना काय ठाऊक आहे, त्यांना कशाची भीती आहे, हे जाणून डॉक्टरांच्या कानावर घालणे. बैठकीत स्वतः हजर राहणे. बैठकीनंतर तेच सोप्या मराठीत पुन्हा सांगून काय समजले ते तपासणे. आणि प्रत्येक शिफ्टमध्ये प्रकृतीतला बदल कळवणे.

यासाठी एक साधा नियम उपयोगी पडतो : डॉक्टरांनी सांगितलेले परिचारिका समजावून देते, न सांगितलेले ती पहिल्यांदा सांगत नाही. याला अपवाद अचानक बिघडलेल्या प्रकृतीचा. रात्री दोन वाजता रुग्णाचे हृदय थांबले, डॉक्टर छातीवर दाब देत आहेत, अशा वेळी बाहेर बसलेल्या मुलाला 'त्यांची तब्येत एकदम बिघडली आहे, डॉक्टर त्यांच्यापाशीच आहेत, मी पुन्हा येऊन सांगते' एवढे सांगणे परिचारिकेचेच काम आहे. कोणी काय सांगायचे याचे एक पान प्रत्येक आयसीयूने लिहून ठेवावे आणि त्यावर इन्टेन्सिव्हिस्ट आणि मेट्रन दोघांच्या सह्या असाव्यात. ही हद्द धूसर राहिली तर परिचारिका एकतर गप्प बसते किंवा 'डॉक्टरांना विचारा' म्हणून सुटका करून घेते.

सहा पायऱ्या

वाईट बातमी सांगण्याची सर्वाधिक शिकवली जाणारी पद्धत कर्करोगाच्या क्षेत्रातून आली. टोरांटोत काम करणारे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन यांचे या विषयावरचे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००० मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधील वॉल्टर बेली, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची रीत मांडली. ती मुळात रुग्णाशी बोलण्यासाठी आहे. आयसीयूत रुग्ण बहुधा बेशुद्ध किंवा गुंगीत असतो आणि बोलणे नातेवाइकांशी होते, म्हणून प्रशिक्षणात ती थोडी वळवून घ्यावी लागते.

पहिली पायरी जागेची. लिफ्टसमोर, कॉरिडॉरमध्ये किंवा बिलिंग काउंटरजवळ उभ्याने बोलणे टाळावे. वेगळी खोली नसेल तर इनचार्जचे टेबलही चालते. मात्र सगळ्यांना बसायला खुर्ची हवी, पाणी हवे, आणि तेवढा वेळ आपले दोन बेड दुसऱ्या सिस्टरकडे सोपवलेले हवेत.

दुसरी पायरी घरच्यांची समज जाणण्याची. 'डॉक्टरांनी आत्तापर्यंत काय सांगितलंय तुम्हाला?' हा प्रश्न विचारून शेवटपर्यंत ऐकावे. उत्तरात 'न्यूमोनिया आहे, दोन दिवसांत काढतील मशीन' असे आले तर पुढची बातमी किती उंचावरून पडणार आहे याचा अंदाज येतो.

तिसरी पायरी परवानगीची : किती तपशील हवा, कोणासमोर सांगायचे, निर्णयाच्या वेळी घरात कोणाचे ऐकले जाते. एकत्र कुटुंबात रुग्णाची पत्नी समोर असली तरी बोलणारे मोठे दीर किंवा मामा असतात. त्यांना वगळून केलेली बैठक संध्याकाळी पुन्हा करावी लागते. पत्नीला बाजूला बसवून फक्त पुरुषांशी बोलणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे.

चौथी पायरी माहितीची. आधी इशारा : 'बातमी चांगली नाही.' मग एक-दोन छोटी वाक्ये, मग थांबणे. पाचवी पायरी भावनांची आणि सहावी पुढच्या आखणीची : आज रात्री काय केले जाईल, पुन्हा कोण आणि केव्हा बोलेल, रुग्णाला कधी भेटता येईल.

शब्द जपून वापरावेत

आयसीयूतले रोजचे शब्द बाहेर वेगळे ऐकू येतात. 'पेशंट स्टेबल आहे' हे त्याचे ठळक उदाहरण. परिचारिकेला म्हणायचे असते की कालपासून बदल नाही. नातेवाइकांना ऐकू येते की धोका टळला. त्याऐवजी 'प्रकृती कालसारखीच गंभीर आहे, सुधारणा दिसलेली नाही' असे म्हणावे. मॉनिटरवरच्या आकड्यांचेही तसेच. 'सॅच्युरेशन ९८ दाखवतंय, मग सिरीयस कसे?' हा प्रश्न नेहमी येतो. 'तो आकडा मशीनच्या जोरावर आहे. मशीनचा आधार कमी केला की लगेच खाली येतो,' एवढे उत्तर पुरते.

जीसीएस, इनोट्रोप, सेप्सिस, मल्टिऑर्गन फेल्युअर असे शब्द वापरावेच लागले तर लगेच अर्थ सांगावा : 'जंतुसंसर्गाचा परिणाम सगळ्या शरीरावर झाला आहे, मूत्रपिंड आणि फुप्फुसे काम करेनाशी झाली आहेत.' प्रशिक्षणात प्रत्येकीने आपल्या विभागातल्या वीस शब्दांची अशी मराठी वाक्ये लिहून मोठ्याने म्हणून पाहावीत. विदर्भ, कोकण, मराठवाडा इथून आलेल्या माणसांना ती कळतात का, हे विभागातल्या मावशींना किंवा वॉर्डबॉयला ऐकवून तपासता येते.

भावनांना उत्तर

बातमी ऐकल्यावर माणसाला पुढचे फारसे ऐकू येत नाही. म्हणून आधी भावनेला उत्तर, मग माहिती, हा क्रम शिकवला जातो. त्यासाठी पाच प्रकारची वाक्ये सरावात घेतात. भावना ओळखून बोलणे : 'हे ऐकून धक्का बसलाय तुम्हाला.' समजून घेणे : 'तीन रात्री इथे बाकावर काढल्यात, अवघड आहे हे.' कदर करणे : 'त्यांच्या औषधांची सगळी नोंद तुम्ही ठेवलीत, त्याचा आम्हाला फार उपयोग झाला.' सोबत देणे : 'आज रात्री मी ड्युटीवर आहे, काही बदल झाला तर मीच सांगेन.' आणि अधिक जाणून घेणे : 'सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?'

सर्वांत अवघड सराव गप्प राहण्याचा असतो. बातमी सांगितल्यावर दहा सेकंद काहीही न बोलणे सुरुवातीला जवळजवळ कोणालाच जमत नाही. त्या पोकळीत 'रडू नका', 'देवावर विश्वास ठेवा', 'आम्ही सगळे प्रयत्न करतोय' अशी वाक्ये आपोआप येतात. त्यांनी समोरच्याचे बोलणे बंद होते. ही वाक्ये कोणाच्या तोंडी किती वेळा आली याची सरावात निरीक्षकाने नोंद ठेवावी.

नेहमी येणारे प्रसंग

'सिस्टर, वाचतील ना हो?' या प्रश्नाला 'हो, होतील बरे' हे उत्तर खोटे ठरू शकते आणि 'ते डॉक्टर सांगतील' हे दार लावून घेणारे आहे. मधला मार्ग असा :

'वाचावेत असं मलाही वाटतं. पण त्यांची तब्येत खूप नाजूक आहे आणि ते वाचणार नाहीत अशी भीती डॉक्टरांनाही वाटतेय. सकाळी डॉक्टर तुमच्याशी काय बोलले?'

यात इच्छा आहे, वास्तव आहे आणि बोलणे चालू ठेवणारा प्रश्न आहे. अर्थात डॉक्टरांनी ही भीती आधी बोलून दाखवलेली असेल तरच हे वाक्य चालते. नसेल तर 'हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, डॉक्टरांना आत्ताच बोलावते' असे म्हणून खरोखर बोलवावे.

'आईला काही सांगू नका' ही मागणी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या बाबतीत वारंवार येते. मुलाशी वाद घालू नये. कशाची भीती वाटते हे विचारावे आणि आईने स्वतः विचारले तर खोटे बोलता येणार नाही, हे आधीच सांगावे. नंतर डॉक्टरांसमक्ष आईलाच विचारता येते : 'तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला सगळं सांगू, की मुलाशी बोलू?'

'मग घरी नेतो आम्ही' हे वाक्य पैशांच्या ओढाताणीतून येते किंवा शेवटचा श्वास घरी जावा या इच्छेतून. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत. कारण विचारून घ्यावे आणि सही घेण्याआधी डॉक्टरांना व वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याला कळवावे. आपणहून 'मशीन काढता येईल' असे परिचारिकेने कधीही सुचवू नये. उपचार थांबवण्याची प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मधील सुधारणेने ठरवून दिली आहे. त्यात डॉक्टरांच्या प्राथमिक आणि दुय्यम मंडळांचा निर्णय लागतो.

फोनवर बोलताना आधी कोण बोलत आहे, ते कुठे आहेत, गाडी चालवत आहेत का, हे विचारावे. मृत्यूची बातमी शक्यतो फोनवर देऊ नये. 'प्रकृती खूपच बिघडली आहे, सोबत कोणाला तरी घेऊन लगेच या' असे सांगावे. मात्र माणूस दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात असेल, किंवा 'आहेत ना ते?' असे थेट विचारले तर उडवाउडवी न करता डॉक्टरांना फोनवर घेऊन खरे सांगावे.

रागाचा प्रसंगही सरावात असावा. आवाज चढला की आपला खाली आणावा, एकटीने बोलू नये, दाराच्या बाजूला बसावे, वरिष्ठांना बोलावण्याची खूण आधीच ठरलेली असावी. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. कोणाकडे आणि कशी तक्रार करायची, हे प्रत्येकीला माहीत असावे.

मृत्यूची बातमी आणि मेंदूमृत्यू

डॉक्टर मृत्यू सांगतात तेव्हा परिचारिकेने सोबत असावे. रुग्णाचे नाव किंवा नाते घेऊन 'तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे' असे स्पष्ट वाक्य हवे. 'एक्स्पायर झाले', 'ते आता नाहीयेत', 'आम्ही काही करू शकलो नाही' यांतून धक्क्यातल्या माणसाला अर्थ लागेलच असे नाही. त्यानंतरचा तास परिचारिकेचा असतो. नळ्या शक्य तेवढ्या काढून, चेहरा पुसून, चादर नीट करून घरच्यांना आत घ्यावे. अपघात, विषबाधा अशा मेडिकोलीगल प्रकरणात नळ्या तशाच ठेवाव्या लागतात आणि शवविच्छेदन होते. हे आधी सांगितले तर देह मिळायला उशीर होतो तेव्हा संशय येत नाही.

शेवटच्या तासांतल्या विधींबद्दलही आधी विचारावे. तोंडात गंगाजल-तुळशीपत्र घालण्याची इच्छा असेल आणि घशात नळी असेल तर ओठांना थेंब लावता येतो. कोणाला कलमा म्हणायचा असतो, कोणाला फादरना बोलवायचे असते. विभागाच्या नियमांत बसेल तेवढे करू दिले की घरच्यांना आपण काही केले असे वाटते.

मेंदूमृत्यू समजावणे सर्वांत कठीण, कारण छाती हलत असते आणि हात गरम असतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून तो प्रमाणित करते. परिचारिकेने 'मेंदू कायमचा बंद पडला आहे, म्हणजे मृत्यू झाला आहे. श्वास मशीन देते आहे' हेच वाक्य सगळ्यांकडून सारखे जाईल याची काळजी घ्यावी. एकीने मृत्यू म्हटले आणि दुसरीने 'अजून व्हेंटिलेटरवर आहेत' म्हटले तर विश्वास उडतो. अवयवदानाची विचारणा वेगळी, नंतर, आणि प्रत्यारोपण समन्वयकाने करायची असते. मृत्यू घरच्यांच्या मनात उतरण्याआधी तो विषय निघू नये.

कार्यशाळेची रचना

व्याख्यानाला अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ भूमिका करून पाहण्याला द्यावा. सहा ते आठ जणींचा गट, एक अनुभवी मार्गदर्शक, आणि शक्यतो एक डॉक्टर सहभागी म्हणून. गट मोठा झाला की चार जणी बोलतात आणि बाकीच्या बघत राहतात. नातेवाइकाचे काम प्रशिक्षित कलाकाराने किंवा दुसऱ्या विभागातल्या सिस्टरने करावे.

प्रसंग आपल्याच विभागातले असावेत, नावे-गावे बदलून. एक नमुना : ५८ वर्षांचे शेतकरी, पोटातल्या जंतुसंसर्गाने दाखल, तिसरा दिवस, व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले आहे. बाहेर पत्नी आणि पुण्याहून आलेला मुलगा. सिस्टरच्या कार्डावर लिहिलेले असते : बैठकीनंतर त्यांना काय समजले ते तपासा. पत्नीच्या कार्डावर, सिस्टरला न दाखवता : 'शेजारच्या बेडच्या बाईने सांगितले आहे की मशीन लावले की माणूस परत येत नाही. हे तुम्ही आपणहून सांगणार नाही. विचारले तरच सांगाल.' मुलाच्या कार्डावर : 'तुम्ही खर्चाच्या चिंतेत आहात आणि ते आईसमोर बोलणार नाही.' सिस्टरने 'कशाची काळजी वाटतेय?' हे विचारले तरच गाठ सुटते, असा प्रसंग रचलेला असतो.

बोलणारीने सुरुवातीला एकच उद्दिष्ट निवडावे, जसे की 'बातमी सांगून झाल्यावर मी थांबेन'. अडले की ती 'थांबा' म्हणू शकते. गट एक-दोन वाक्ये सुचवतो आणि तोच क्षण पुन्हा केला जातो. प्रतिसादाचा क्रम ठरलेला : आधी बोलणारी स्वतः काय जमले ते सांगते, मग 'नातेवाईक' कोणत्या वाक्याला बरे किंवा वाईट वाटले ते सांगतात, मग निरीक्षक कानाने ऐकलेली नेमकी वाक्ये वाचून दाखवतात. 'छान बोललीस' हा प्रतिसाद धरला जात नाही. नुकताच घरात मृत्यू झालेल्या सहभागीला बाहेर बसण्याची मुभा आधीच द्यावी.

दुसरा सराव डॉक्टरांशी बोलण्याचा असावा : 'सर, कुटुंबाला ते बरे होतील असे वाटते आहे. आज बैठक घ्याल का? मीही थांबते.' अनेक ठिकाणी अडचण नातेवाइकांशी बोलण्यापेक्षा या वाक्यापाशी असते.

अभ्यास काय सांगतात

फ्रान्समधल्या २२ आयसीयूंत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. मरणासन्न १२६ रुग्णांच्या कुटुंबांपैकी काहींशी ठरावीक पद्धतीने बैठक घेऊन त्यांना माहितीपुस्तिका दिली गेली. या बैठका सुमारे ३० मिनिटे चालल्या, नेहमीच्या २० मिनिटे. पण खरा फरक नातेवाइकांना बोलायला मिळालेल्या वेळात होता : १४ मिनिटे विरुद्ध ५. नव्वद दिवसांनी या नातेवाइकांमध्ये मानसिक आघाताची, चिंतेची आणि नैराश्याची लक्षणे कमी आढळली.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गच्या अभ्यासात पाच आयसीयूंतील परिचारिकांना खास प्रशिक्षण देऊन कुटुंबांच्या रोजच्या संवादाची जबाबदारी दिली. नातेवाइकांच्या मनावरचा दीर्घकालीन ताण त्याने कमी झाला नाही. संवादाच्या दर्जाबद्दलचे त्यांचे मत मात्र सुधारले. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात शिकाऊ डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांना सराव-कार्यशाळा देऊनही रुग्ण-नातेवाइकांनी दिलेले गुण वाढले नाहीत. यावरून एवढे दिसते की कार्यशाळा झाली म्हणजे काम झाले असे नाही. विभागाची रोजची पद्धत बदलली तरच शिकलेले टिकते.

विभागात टिकवण्यासाठी

कार्यशाळेनंतर प्रत्येकीच्या तीन प्रत्यक्ष संवादांच्या वेळी अनुभवी सिस्टरने सोबत थांबून नोंद द्यावी. फाइलमध्ये संवादाचे वेगळे पान असावे : कोणाशी, केव्हा, काय सांगितले, त्यांना काय समजले, पुढे कोण बोलणार. हँडओव्हरमध्ये ड्रिप आणि ड्रेनबरोबर 'कुटुंबाला इथपर्यंत ठाऊक आहे' हे एक वाक्य सक्तीचे करावे. सकाळची सिस्टर एक आणि रात्रीची दुसरे सांगते, ही तक्रार त्याने बरीच कमी होते. मृत्यूनंतर किंवा वादानंतर त्याच शिफ्टमध्ये दहा मिनिटे एकत्र बसून बोलावे. दोषारोप त्यात आणू नयेत.

भारतीय परिचर्या परिषदेचे क्रिटिकल केअर नर्सिंगचे पदविका आणि नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम चालतात. तिथल्या विद्यार्थिनींना हा सराव आयसीयूच्या पोस्टिंगमध्येच मिळावा. इतरांसाठी रुग्णालयाच्या सेवांतर्गत शिक्षणात वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवता येते. नवीन रुजू झालेल्या सिस्टरला पहिल्या नाइट ड्युटीआधी किमान तीन प्रसंगांचा सराव मिळालेला असावा : 'वाचतील ना?', रात्रीचा फोन, आणि मृत्यूनंतर घरच्यांना आत घेणे.